बफालो शहरातील उंच इमारती

बफालो शहरातील उंच इमारती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात असलेल्या बफालो या मध्यम आकाराच्या शहरातील बहुमजली व उत्तुंग वास्तू. ईअरी सरोवराच्या पूर्व टोकाशी, नायगारा नदीच्या उगमाजवळ वसलेल्या या शहराची लोकसंख्या २,७८,३४९ (२०२०) आहे. न्यूयॉर्क किंवा शिकागो येथील गगनचुंबी इमारतींच्या तुलनेने बफालोतील इमारती बेताच्याच उंचीच्या आहेत. शंभर मीटरांहून अधिक उंचीच्या इमारती येथे अवघ्या पाच असून त्यांपैकी सर्वांत उंच इमारतीची उंची सु. १६१ मी. आहे. असे असले, तरी उंच इमारतींच्या इतिहासात या शहराला एक वेगळे स्थान आहे. प्रत्येक पिढीतील सर्वांत उंच वास्तू ज्या व्यवसायाने किंवा संस्थेने उभारली, तिच्याकडे त्या त्या काळी शहराच्या अर्थकारणाची सूत्रे होती. ती सूत्रे तिच्या हातून गेल्यावर त्या वास्तूचे काय झाले, हे पाहिले असता शहराचा उत्कर्ष, त्याची उतरती कळा आणि अलीकडच्या काळातील अंशतः पुनरुज्जीवन या तिन्ही अवस्था स्पष्ट होतात. उंचीचा क्रम आणि महत्त्वाचा क्रम मात्र येथे एक नाही. शहरातील सर्वांत महत्त्वाची इमारत केवळ तेरा मजली आहे आणि तीही एकदा पाडली जाण्याच्या बेतात होती.

पार्श्वभूमी : बफालोची मूळ आखणी जोसेफ एलिकट (१७६०–१८२६) या भूमापकाने १८०४ मध्ये केली. त्याचा भाऊ अँड्रू एलिकट याने वॉशिंग्टन या राजधानीच्या सर्वेक्षणाचे काम केले होते व जोसेफनेही त्या कामात त्याला साहाय्य केले होते. एका मध्यवर्ती चौकातून अरांप्रमाणे रस्ते फाकत जावेत, ही राजधानीतील कल्पना त्याने बफालोच्या आखणीत आणली. हा मध्यवर्ती चौक म्हणजे आजचा नायगारा चौक होय. १८१३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने हे गाव जाळले. त्यातून ते सावरत असतानाच १८२५ मध्ये ऑल्बनीपासून बफालोपर्यंतचा सु. ५८४ किमी. लांबीचा ईअरी कालवा वाहतुकीस खुला झाला आणि गावाचे भवितव्य पालटले. पश्चिमेकडील राज्यांत पिकणारा गहू व मका सरोवरांतून जहाजांनी बफालोपर्यंत येई. तेथे तो उतरवून कालव्यातील होड्यांत भरला जाई व पुढे हडसन नदीमार्गे न्यूयॉर्क बंदरात पोहोचे. म्हणजे सरोवर आणि कालवा यांच्या सांध्यावरचा हमाली-व्यवसाय हाच बफालोच्या भरभराटीचा मूळ आधार होता. १८३२ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. १९०० मध्ये ३,५२,३८७ लोकसंख्या असलेले बफालो हे देशातील आठव्या क्रमांकाचे शहर होते.

धान्यकोठारे : बफालोतील पहिल्या उत्तुंग वास्तू या माणसांसाठी नव्हत्या, तर धान्यासाठी होत्या. जहाजाच्या तळातील सुटे धान्य पूर्वी हमाल पोत्यांतून किंवा पिंपांतून पाठीवर वाहून आणीत. या कामाला कित्येक दिवस लागत आणि पावसात ते बंद पडे. जोसेफ डार्ट (१७९९–१८७९) या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबार या अभियंत्याच्या साहाय्याने १८४२ मध्ये वाफेवर चालणारे धान्यकोठार उभारले. अखंड फिरणाऱ्या पट्ट्याला ठराविक अंतरावर डबे जोडून तो पट्टा जहाजाच्या पोटात सोडावयाचा, धान्य वर उचलून कोठाराच्या माथ्याशी न्यावयाचे आणि तेथून ते गुरुत्वाकर्षणाने निरनिराळ्या कप्प्यांत पडू द्यावयाचे, अशी ही योजना होती. पट्ट्याला डबे लावण्याची कल्पना ऑलिव्हर एव्हान्झ याने आपल्या पीठगिरणीत आधीच वापरली होती व तिचे श्रेय डार्टनेही त्यालाच दिले. धान्य एकदा वर चढविले, की पुढचे तोलणे, साठविणे व भरणे ही सर्व कामे धान्याच्या स्वतःच्या वजनाने होत. म्हणूनच कोठार उंच असणे ही यंत्रणेची गरज होती, मालकाची हौस नव्हे.

आरंभीची कोठारे लाकडी असल्यामुळे वारंवार आगीस बळी पडत. धान्याची हवेत मिसळलेली बारीक धूळ ठिणगीने पेटत असे. त्यावर उपाय म्हणून प्रथम विटांच्या भिंतींच्या आत पोलादी टाक्या बसविण्यात आल्या. १८९७ मधील ग्रेट नॉर्दर्न हे कोठार या प्रकारचे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून प्रबलित काँक्रीटची दंडगोलाकार कोठारे बांधण्यात येऊ लागली. त्यांसाठी सरकत्या साच्याची पद्धत वापरीत. तळाशी वर्तुळाकार साचा बसवून त्यात काँक्रीट ओतावयाचे आणि ते घट्ट होत जाईल तसतसा साचा हळूहळू वर सरकवावयाचा, अशी ही पद्धत असून तिच्यामुळे भिंतीत आडवा जोड राहत नाही. १९१५ ते १९१७ या काळात बफालो नदीच्या काठी बांधलेले काँक्रीट सेंट्रल हे कोठार सु. ४०० मी. लांब आहे. जर्मन वास्तुशिल्पज्ञ व्हाल्टर ग्रोपिअस याने १९१३ मध्ये अमेरिकेतील अशा कोठारांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत बफालोतील कोठारांचाही समावेश होता. पुढे ल कॉर्ब्यूझ्ये यानेही १९२३ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील धान्यकोठारांचा दाखला दिला. अलंकरणाचा लवलेश नसलेले हे शुद्ध भौमितिक आकार यूरोपीय आधुनिक वास्तुकलेच्या प्रणेत्यांना आदर्शवत वाटले. ज्यांनी ते बांधले, त्यांच्या मनात मात्र वास्तुकलेचा विचार नव्हता.

शासकीय मनोरे व चर्चचे कळस : कोठारे बंदरावर होती. शहराच्या मध्यभागी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत चर्चचे कळसच सर्वांत उंच दिसत. रिचर्ड अपजॉन या वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केलेले सेंट पॉल कॅथीड्रल हे त्यांपैकी प्रमुख होय. १८७१ ते १८७६ या काळात परगणा व नगर यांचे संयुक्त कार्यालय ग्रॅनाइट दगडात बांधण्यात आले. त्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांवर न्याय, यंत्रकला, कृषी व वाणिज्य यांचे प्रतीक असलेले चार पुतळे आहेत. तत्कालीन नागरिकांना आपल्या शहराचे आधारस्तंभ कोणते वाटत होते, हे त्यांवरून कळते. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रोव्हर क्लीव्हलंड हा १८८२ मध्ये बफालोचा महापौर होता.

पोलादी सांगाडा व १८९६ मधील दोन इमारती : दगडविटांच्या भिंतीवर मजले चढवीत गेल्यास तळाची भिंत अधिकाधिक जाड करावी लागते. शिकागोतील १८९१ च्या सोळा मजली मोनॅडनॉक इमारतीच्या तळाच्या भिंती सु. १·८ मी. जाड आहेत. त्यामुळे तळमजल्यावरील मोलाची जागा भिंतींतच खर्ची पडते. लोखंडी व पुढे पोलादी सांगाड्याने ही अडचण दूर केली. सर्व भार सांगाडा पेलू लागला आणि भिंत हे केवळ बाह्य आवरण राहिले. सुरक्षित उद्वाहकामुळे वरच्या मजल्यांनाही तळमजल्याइतकेच, किंबहुना अधिक भाडे मिळू लागले. या दोन शोधांमुळे भाड्याने द्यावयाच्या कार्यालयांची उंच इमारत हा एक नवाच व्यवसाय निर्माण झाला व तो शिकागोहून बफालोत आला. १८९६ या एकाच वर्षी येथे या प्रकारच्या दोन प्रसिद्ध इमारती पूर्ण झाल्या.

त्यांपैकी एलिकट स्क्वेअर ही दहा मजली इमारत शिकागोच्या डॅन्यल बर्नम (१८४६–१९१२) याच्या संस्थेने बांधली. तिचा आराखडा प्रामुख्याने चार्ल्स ॲटवुड याचा होता. शहराच्या आखणीकाराचे नाव धारण करणारी ही इमारत एक संपूर्ण चौकट व्यापते व मध्यभागी काचेच्या छपराचे प्रशस्त दालन आहे. पूर्ण झाली त्या वेळी ती जगातील सर्वांत मोठी कार्यालयीन इमारत मानली जात होती. हा मान उंचीमुळे नव्हे, तर क्षेत्रफळामुळे मिळाला. १८९६ मध्येच तिच्या तळघरात सुरू झालेले चित्रपटगृह हे चलत्‌चित्रे दाखविण्यासाठी खास उभारलेल्या जगातील पहिल्या काही प्रेक्षागृहांपैकी एक होय. मध्यवर्ती दालनातील संगमरवरी कुट्टिमाची जमीन १९३० च्या सुमारास घालण्यात आली.

गॅरंटी इमारत : दुसरी इमारत म्हणजे डँकमार ॲड्लर (१८४४–१९००) व लूइस हेन्री सलिव्हन (१८५६–१९२४) या शिकागोच्या वास्तुशिल्पज्ञांची तेरा मजली गॅरंटी इमारत. तेलाच्या धंद्यातील हॅस्कल टेलर या स्थानिक व्यापाऱ्याने तिची कल्पना मांडली होती. १८९४ मध्ये त्याचे निधन झाले आणि गॅरंटी नावाच्या बांधकाम कंपनीने काम हाती घेऊन ते तडीस नेले. १८९८ मध्ये प्रुडेन्शिअल या विमा कंपनीच्या नावावरून तिला दुसरे नाव मिळाले व दीर्घकाळ ती त्या नावाने ओळखली जात होती.

सु. ४६ मी. उंचीच्या या इमारतीचे महत्त्व तिच्या उंचीत नसून उंचीच्या हाताळणीत आहे. त्यापूर्वीचे वास्तुशिल्पज्ञ उंच इमारत म्हणजे एकावर एक रचलेल्या अनेक लहान इमारती, अशा समजुतीने दर दोन-तीन मजल्यांवर आडवे पट्टे काढून तिची उंची झाकण्याचा प्रयत्न करीत. सलिव्हनने याउलट भूमिका घेतली. दुकानांसाठी मोठ्या काचांचे तळाचे दोन मजले, त्यांवर एकसारख्या कार्यालयांचे एकसारखे मजले आणि माथ्यावर यंत्रसामग्री व पाण्याच्या नळ्या यांसाठी गोल झरोक्यांचा शेवटचा मजला, असे कामानुसार तीन भाग त्याने केले. मधल्या भागातील उभे खांब अखंड वर नेऊन शेवटी कमानींनी जोडले. परिणामी पाहणाऱ्याची नजर आपोआप तळापासून माथ्यापर्यंत जाते. इमारतीचा आकार तिच्या उपयोगातून सिद्ध व्हावा, हा आपला सिद्धांत त्याने त्याच वर्षी, १८९६ मध्ये, उंच कार्यालयीन इमारतीवरील निबंधात मांडला. तो पुढे आधुनिक वास्तुकलेचे सूत्र बनला. त्याचा अर्थ अलंकरणाचा त्याग असा मात्र सलिव्हनने लावला नाही. गॅरंटी इमारतीचा दर्शनी पृष्ठभाग लालसर तपकिरी पक्वमृदेच्या फरशांनी मढविलेला असून त्यांवर पाने, बीजे व भौमितिक आकृती यांची बारीक वीण आहे. मागील बाजूस मोकळी जागा सोडून आराखडा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा केल्याने आतील खोल्यांनाही उजेड व हवा मिळते. विजेचे दिवे महाग व मंद असण्याच्या त्या काळात याचे मोल फार होते.

वीज व मनोरा : १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये नायगारा धबधब्यावर निर्माण केलेली वीज प्रत्यावर्ती प्रवाहाच्या रूपाने बफालोत आणण्यात आली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर वीज दूर अंतरावर वाहून नेण्याचा तो एक आरंभीचा यशस्वी प्रयोग होता. १९०१ मध्ये भरलेल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनाच्या मध्यभागी शंभर मीटरांहून उंच असा, हजारो दिव्यांनी उजळलेला तात्पुरता विद्युत् मनोरा होता. याच प्रदर्शनात ६ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १४ सप्टेंबर रोजी त्याचे बफालोतच निधन झाले व थीओडोर रूझवेल्ट याने येथेच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. नायगारा चौकात १९०७ मध्ये मॅकिन्लीच्या स्मरणार्थ संगमरवरी सूचिस्तंभ उभारण्यात आला. प्रदर्शनातील मनोरा पाडला गेला, तरी त्याची आठवण टिकली. एसनवाइन व जॉन्सन या स्थानिक वास्तुशिल्पज्ञांनी १९१२ मध्ये वीज कंपनीसाठी शुभ्र पक्वमृदेची अष्टकोनी इमारत त्याच धर्तीवर बांधली. इलेक्ट्रिक टॉवर या नावाने ती ओळखली जाते. पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जाणाऱ्या या इमारतीची उंची सु. ९० मी. आहे. रात्री ती विजेच्या प्रकाशात न्हाऊन निघावी, हाच तिच्या रचनेमागील हेतू होता. वीज विकणाऱ्या कंपनीची ती स्वतःची जाहिरातच होती.

बँका व नगरभवन : पहिल्या महायुद्धानंतर उंच इमारती बांधण्यात बँकांनी पुढाकार घेतला. १९२५ मध्ये पूर्ण झालेली लिबर्टी बँकेची २३ मजली इमारत सु. १०५ मी. उंच आहे. या बँकेचे मूळ नाव जर्मन-अमेरिकन बँक असे होते. बफालोत जर्मन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती होती. युद्धकाळात जर्मनविरोधी भावना प्रखर झाल्याने १९१८ मध्ये बँकेने लिबर्टी हे नाव स्वीकारले व पुढे नव्या इमारतीच्या माथ्यावर न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दोन प्रतिकृती बसविल्या. त्यांपैकी एक पूर्वेकडे व दुसरी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. पूर्व व पश्चिम यांना जोडणारे शहर हा अर्थ त्यांतून सूचित होतो. पण एका समाजाला आपली देशनिष्ठा किती ठळकपणे दाखवावी लागली, याचीही ती खूण आहे. १९२९ मधील २९ मजली रँड इमारत सु. १२३ मी. उंच आहे. १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये विमान-अपघातात मृत्यू पावलेल्या जॉर्ज रँड या बँकव्यावसायिकाचे नाव तिला देण्यात आले आहे. त्याच्या मुलाच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील अनेक बँकांचा मरीन मिडलंड हा समूह बफालोत स्थापन झाला.

शहराचे नगरभवन नायगारा चौकाच्या पश्चिमेस १९२९ ते १९३१ या काळात बांधण्यात आले व शहराच्या शताब्दीच्या वर्षी, १ जुलै १९३२ रोजी, त्याचे औपचारिक उद्‌घाटन झाले. डीटेल, वेड व जोन्स या वास्तुशिल्पज्ञांनी आर्ट डेको शैलीत बांधलेले हे ३२ मजली भवन सु. १२१ मी. उंच असून त्याला सु. ६८·५ लक्ष डॉलर खर्च आला. देशातील सर्वांत उंच नगरभवनांत त्याची गणना होते. त्याच्या माथ्यावर रंगीत फरशांचा मुकुट आहे. अलंकरणात स्थानिक इरोक्वाय जमातींच्या आकृतिबंधांचा उपयोग केलेला आहे. नगरसभेच्या अर्धवर्तुळाकार सभागृहावर सूर्यकिरणांच्या आकाराचे रंगीत काचेचे छत आहे. सरोवरावरून येणारा वारा पश्चिमेकडील मोठ्या झडपांतून आत घेऊन, जमिनीखालील मार्गांनी थंड करून तो मजल्यामजल्यांवर खेळविण्याची व्यवस्था मूळ आराखड्यातच होती. अठ्ठाविसाव्या मजल्यावरील सज्जातून सरोवर, कालव्याचे जुने मुख, धान्यकोठारे आणि एलिकटने आखलेले अरांसारखे रस्ते एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. बांधकाम सुरू झाले ते भरभराटीच्या शेवटच्या वर्षी. भवन पुरे झाले तेव्हा देश महामंदीच्या गर्तेत होता. त्यानंतर सु. तीन दशके शहरात या तोलाची एकही उंच इमारत उभी राहिली नाही.

ऱ्हास व विध्वंस : १९५० मध्ये बफालोची लोकसंख्या ५,८०,१३२ होती. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाल्यावर सागरी जहाजे वेलंड कालव्यातून थेट सरोवरांत जाऊ लागली. बफालोत माल उतरवून तो दुसरीकडे चढविण्याचे प्रयोजनच उरले नाही. ज्या सांध्यामुळे शहर वाढले, तो सांधाच निखळला. काँक्रीट सेंट्रल कोठार १९६६ मध्ये सोडून देण्यात आले. त्याच सुमारास उपनगरांकडे वस्ती सरकू लागली आणि पोलादाच्या कारखान्यांनाही पुढे उतरती कळा लागली. शेजारच्या लॅकावॉना येथील बेथलीएम पोलाद कारखान्याचा बहुतेक भाग १९८३ मध्ये बंद झाला. १९८० पर्यंत बफालोची लोकसंख्या ३,५७,८७० पर्यंत घसरली होती.

शहराचा मध्यभाग नव्या इमारतींनी सावरेल, या विश्वासाने १९६० नंतर नगर-नवीकरणाच्या योजना राबविण्यात आल्या. त्यांतून मिनोरू यामासाकी (१९१२–८६) याने आराखडा केलेली मॅन्युफॅक्चरर्स अँड ट्रेडर्स बँकेची इमारत (१९६६) आणि सु. १०७ मी. उंचीचा मेन प्लेस टॉवर (१९६९) या इमारती उभ्या राहिल्या. यामासाकी हा पुढे न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रामुळे जगप्रसिद्ध झाला. मेन प्लेसच्या योजनेसाठी ईअरी परगणा बचत बँकेची, जॉर्ज पोस्ट याने १८९० च्या दशकाच्या प्रारंभी बांधलेली भक्कम दगडी इमारत १९६८ मध्ये पाडण्यात आली. तत्पूर्वी १९५० मध्ये फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९) याची लार्किन कंपनीची कार्यालयीन इमारतही पाडण्यात आली होती. १९०६ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत राइटच्या आरंभीच्या श्रेष्ठ कृतींपैकी एक होती. ती पाडल्यानंतर ती जागा दीर्घकाळ मोकळीच राहिली. नव्यासाठी जुने पाडावयाचे हे धोरण जेथे नवे येण्याची शाश्वती नाही, तेथे किती घातक ठरते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

गॅरंटी इमारतीवरही हीच पाळी आली होती. १९७४ मध्ये आगीने तिचे नुकसान झाले. १९७५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. परंतु या दर्जाने खाजगी मालकाचे हात बांधले जात नाहीत, आणि १९७७ मध्ये मालकाने ती पाडण्याची परवानगी मागितली. स्थानिक नागरिक, वास्तुकलेचे अभ्यासक आणि सिनेटर डॅन्यल पॅट्रिक मॉयनिहन यांनी तिच्या रक्षणासाठी प्रयत्न केले. ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी मिळणाऱ्या संघीय करसवलतीचाही उपयोग झाला. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला व मॉयनिहन यांनी आपले स्थानिक कार्यालय तेथे थाटले. एका कायदेविषयक संस्थेने २००२ मध्ये ती विकत घेऊन पुन्हा दुरुस्त केली. कार्यालयांसाठी बांधलेली ही इमारत आजही त्याच कामासाठी वापरली जाते.

सर्वांत उंच इमारत : मेन स्ट्रीटच्या दक्षिण टोकाशी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मरीन मिडलंड बँकेसाठी सु. १६१ मी. उंचीची इमारत बांधण्यात आली. तिचा आराखडा स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या संस्थेचा आहे. ही इमारत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पाय रोवून उभी असून मुख्य रस्ता तिच्या खालून जातो. ऑल्बनी येथील कॉर्निंग टॉवर ही शासकीय इमारत वगळता न्यूयॉर्क नगराबाहेर राज्यात एवढी उंच दुसरी इमारत नाही. शहराची लोकसंख्या वेगाने घटत असतानाच शहरातील सर्वांत उंच इमारत उभी राहावी, हे वरवर विसंगत वाटते. परंतु ती शहराच्या गरजेतून नव्हे, तर राज्यभर पसरलेल्या एका बँकेच्या गरजेतून निर्माण झाली होती. १९८० मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेने मरीन मिडलंडचे ५१ टक्के भाग घेतले आणि १९८७ मध्ये ती बँक पूर्णतः आपल्या ताब्यात आणली. १९९९ मध्ये मरीन मिडलंड हे नाव लोपले. निर्णय घेणारे मुख्यालय दूर गेल्यावर इमारतीचे भवितव्यही दूरच ठरू लागले. २०१२ मध्ये बँकेने या भागातील आपल्या शाखा विकल्या व २०१३ मध्ये इमारत सोडली. इतर मोठे भाडेकरूही त्याच सुमारास गेले आणि शहराच्या कोठूनही दिसणारी ही वास्तू जवळजवळ रिकामी झाली. गॅरंटी इमारतीप्रमाणे तिला पाडण्याचे भय नव्हते, पण तिचा वापर कोण व कशासाठी करणार, हा प्रश्न होता. २०१६ मध्ये वॉशिंग्टन येथील एका विकसकाने ती विकत घेतली. काही भागात निवासी गाळे करण्यात आले. २०१९ मध्ये, बफालोतच मुख्यालय असलेल्या मॅन्युफॅक्चरर्स अँड ट्रेडर्स बँकेने आपले तंत्रज्ञान केंद्र तेथे हलविण्याचे जाहीर केले. आता ती सेनेका वन या नावाने ओळखली जाते.

सद्यःस्थिती : १९७० च्या दशकानंतर बफालोत शंभर मीटरांचा टप्पा ओलांडणारी एकही नवी इमारत उभी राहिलेली नाही. या काळात शहराची शक्ती नव्या उंचीपेक्षा जुन्या इमारतींच्या पुनर्वापरात खर्च झाली. वीज कंपनीने सोडलेल्या इलेक्ट्रिक टॉवरचे नूतनीकरण होऊन तेथे निरनिराळी कार्यालये आली. बफालो नदीच्या काठची काही निरुपयोगी कोठारे काव्यवाचन, नाट्यप्रयोग व प्रदर्शने यांसाठी वापरली जातात, तर काहींत अजून धान्य साठविले जाते. न्याहारीचे पदार्थ तयार करणाऱ्या तेथील कारखान्यामुळे भाजलेल्या धान्याचा वास आजही शहराच्या मध्यभागापर्यंत येतो. सर्वच वास्तू वाचल्या असे मात्र नाही. डिसेंबर २०२१ मधील वादळात ग्रेट नॉर्दर्न कोठाराची उत्तरेकडील भिंत कोसळली व संरक्षणवाद्यांच्या न्यायालयीन प्रयत्नांना यश न येता नंतरच्या काळात ते पाडण्यात आले. २०१० मध्ये २,६१,३१० पर्यंत खाली आलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १९५० नंतर प्रथमच वाढलेली आढळली.

बफालोच्या उंच इमारतींचा हा इतिहास पाहता काही गोष्टी स्पष्ट होतात. धान्याचे व्यापारी, भाड्याच्या कार्यालयांचे प्रवर्तक, वीज कंपनी, बँका आणि नगरपालिका यांपैकी प्रत्येकाने आपापल्या भरभराटीच्या काळात शहरावर आपली खूण उमटविली. ज्या उद्योगासाठी इमारत बांधली, तो उद्योग बहुतेक बाबतींत इमारतीच्या आधी संपला. त्यानंतर इमारत टिकली की नाही, हे तिच्या उंचीवर अवलंबून राहिले नाही. तिला दुसरा उपयोग सापडला का आणि तिच्यासाठी भांडणारे नागरिक शहरात होते का, यांवर ते अवलंबून राहिले. लार्किन इमारतीला असे पाठीराखे लाभले नाहीत, गॅरंटी इमारतीला लाभले. उद्योगधंद्यांचे स्थलांतर सोसलेल्या इतर मध्यम आकाराच्या शहरांच्या अभ्यासातही बफालोचे उदाहरण यामुळेच उपयुक्त ठरते.